कंट्री ऑफिस सांभाळताना: परदेशातला पैसा, इथला कायदा आणि गावाचं वेळापत्रक

आंतरराष्ट्रीय ग्रामविकास संस्थेचं भारतातलं कार्यालय चालवायचं म्हणजे तीन वर्षं एकाच वेळी जगायची. डोनरचं वर्ष बहुतेकदा जानेवारीत सुरू होतं. सरकारचं आणि ऑडिटचं एप्रिलमध्ये. गावाचं मृगाला. ही तिन्ही एकमेकांशी जुळत नाहीत आणि त्याचा भुर्दंड शेवटी गावाला बसतो. करार फेब्रुवारीत होतो, पैसे एप्रिलच्या अखेरीस येतात, आणि डोंगरावरचे चर खणायला हातात जेमतेम पाच आठवडे उरतात. मग घाई, घाईत खराब काम, आणि पहिल्याच मोठ्या पावसात फुटलेले बांध. हा भुर्दंड गावापर्यंत पोचू द्यायचा नाही, हेच कंट्री डायरेक्टरचं, म्हणजे या कार्यालयाच्या प्रमुखाचं, मुख्य काम आहे असं मी मानते. बाकी सगळं त्याच्या पोटात येतं.

मी हे काम पुण्यातून बरीच वर्षं केलं. गावं नंदुरबारच्या अक्राणी तालुक्यात, अहिल्यानगरच्या अकोल्यात आणि बीडच्या आष्टी-पाटोद्यात होती. फिल्डवर दहा-पंधरा वर्षं घालवून आता या खुर्चीपर्यंत पोचणाऱ्या आपल्याकडच्या मुलामुलींसाठी, ज्या क्रमानं गोष्टी समोर येतात त्याच क्रमानं लिहिते आहे.

होकार कळवण्याआधी

‘कंट्री ऑफिस’ हा शब्द थोडा फसवा आहे. परदेशी संस्थेची शाखा म्हणून हे काम इथं सहसा चालत नाही. भारतात स्वतंत्र नोंदणी झालेली संस्था असते: विश्वस्त संस्था, सोसायटी किंवा कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची कंपनी. तिला स्वतःचं विश्वस्त मंडळ असतं. म्हणजे तुमचं नियुक्तीपत्र भारतीय मंडळाचं आणि रोजचे फोन मात्र युरोपातल्या मुख्यालयाचे. दोघांचं पटतंय तोवर काही जाणवत नाही. पटेनासं झालं की पहिली कात्री तुमच्यावर चालते. म्हणून सही करण्याआधी अधिकारांची विभागणी लेखी मागा. किती रकमेपर्यंत तुमची सही चालेल? वरिष्ठ माणसं नेमायचा आणि काढायचा अधिकार कोणाचा? मुख्यालय आणि भारतीय मंडळ यांच्यातला करार कुठला, आणि त्याची मुदत कधी संपते? ‘आपण कुटुंबासारखे आहोत, कागदाची काय गरज’ असं उत्तर आलं तर कागदाची गरज नक्की आहे असं समजा.

त्याच वेळी मागच्या तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट घ्या, आणि त्यांच्यासोबत ऑडिटरनं व्यवस्थापनाला लिहिलेलं पत्रही. खरी माहिती त्या पत्रात असते. परदेशी निधी घेण्यासाठी लागणाऱ्या एफसीआरए प्रमाणपत्रावरची मुदत बघा. चालू अनुदानांची यादी शेवटच्या तारखांसह घ्या. महाराष्ट्रात नोंदणी असेल तर धर्मादाय कार्यालयाकडे गेलेले चेंज रिपोर्ट मंजूर झालेत का ते जरूर विचारा. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत कळवायचं असतं, पण कित्येक संस्थांचे हे अर्ज वर्षानुवर्षं पडून असतात. धर्मादाय कार्यालयाच्या नोंदीवर (परिशिष्ट १) दिवंगत माणसाचं नाव, बँकेत दुसऱ्याचं, गृह मंत्रालयाच्या पोर्टलवर तिसऱ्याचं. हा गुंता नूतनीकरणाच्या वेळी गळ्याशी येतो. रुजू झाल्याच्या पहिल्या महिन्यातच एका वकिलाला फक्त या कामावर बसवा.

पहिले तीन महिने: आधी गाव

मुख्यालयाला तीन महिन्यांत ‘स्ट्रॅटेजी’ हवी असते. नम्रपणे सांगा की तीन महिन्यांनी फक्त निरीक्षणं मिळतील. मग निघा. प्रत्येक कार्यक्षेत्रात किमान दोन मुक्काम करा, तेही तालुक्याच्या लॉजवर नको, गावात. दिवसा गाव तुम्हाला जे दाखवायचं ठरलंय ते दाखवतं. रात्री जेवणं झाल्यावर ओट्यावर जी माणसं येऊन बसतात, ती न ठरवलेलं बोलतात.

कोणाला भेटायचं याचीही शिस्त हवी. समितीचे अध्यक्ष, सचिव आणि बचत गटाच्या अध्यक्षा भेटणारच. त्यांच्याशिवाय भूमिहीन घरं, मेंढरं-शेरडं राखणारी घरं, आणि ज्यानं आपल्या कामाला नकार दिला तो माणूस, हे तिघं यादीत आधी लिहा. चराईबंदीनं पाणलोट हिरवा झाला तरी ज्याच्या वीस शेळ्या त्या डोंगरावर चरायच्या त्याचं काय झालं, हे कुठल्याच अहवालात नसतं.

सोबत मोजायचा टेप ठेवा. माझ्या दुसऱ्याच महिन्यात अकोल्यातल्या एका उतारावर सलग समतल चर, म्हणजे पाणी अडवायला उताराला आडवे, एका पातळीत खणलेले चर, बघत होते. इस्टिमेटमध्ये रुंदी ६० सेंटिमीटर, खोली ३०. मी सहज टेप सोडला तर २२. दहा पावलं पुढं २१. मोजमाप पुस्तिकेत मात्र सगळीकडे ३०. कोणाला ओरडले नाही. सुपरवायझरला टेपचं दुसरं टोक धरायला दिलं आणि आम्ही दोघांनी संध्याकाळपर्यंत तो अख्खा उतार मोजला. कामाचा चौथा हिस्सा झालाच नव्हता, आणि पैसे पूर्ण गेले होते. खोलात गेल्यावर कळलं ते असं: खाली मुरूम कठीण लागला होता, ठरलेल्या दरात मजूर तयार नव्हते, आणि दर वाढवून मागायची हिंमत कोणाला झाली नव्हती, कारण पुण्यातून ‘बजेट लाइन बदलता येत नाही’ असं एकदा उत्तर गेलं होतं. चोरी कोणीच केली नव्हती. ती चूक आमच्या ऑफिसची होती. त्यानंतर मी नियमच केला: मातीच्या कामाचा दर पहिल्या ५० मीटरचं खोदकाम बघूनच पक्का करायचा आणि तेवढी सूट डोनरच्या करारातच लिहून घ्यायची.

एफसीआरए: हा भाग दोनदा वाचा

विदेशी अंशदान (विनियमन) कायदा २०१० चा. सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीनं आपल्या कामाची घडीच बदलली. त्यातल्या चार गोष्टी कंट्री डायरेक्टरला झोपेतही आठवायला हव्यात.

पहिली, परदेशातला पैसा फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच येऊ शकतो. तिथून पुढं तुमच्या जवळच्या बँकेतल्या वापराच्या खात्यात आणता येतो. या खात्यांत देशातला पैसा एक रुपयाही मिसळायचा नाही. एफसीच्या, म्हणजे परदेशातल्या, पैशातून घेतलेला लॅपटॉप आणि दुचाकी यांची नोंदही वेगळ्या रजिस्टरमध्ये.

दुसरी, हा पैसा दुसऱ्या कुठल्याही संस्थेला देता येत नाही, तिच्याकडे स्वतःची एफसीआरए नोंदणी असली तरी. याआधी आमच्यासारखी कार्यालयं जिल्ह्याजिल्ह्यांतल्या छोट्या संस्थांना अनुदान द्यायची. पाच-सात माणसांच्या, पण गावात पंचवीस वर्षं मुरलेल्या त्या संस्था होत्या. हा दुवा एका रात्रीत तुटला, आणि त्याचं दुःख मला आजही आहे. आता मार्ग तीनच उरतात. स्वतःची फिल्ड टीम उभी करा. जोडीदार संस्थेकडे नोंदणी असेल तर डोनरनं तिच्याशी थेट करार करावा यासाठी प्रयत्न करा, आणि त्यात तुमचं कार्यालय लहान झालं तरी चालेल ही तयारी ठेवा. किंवा देशातला पैसा, म्हणजे कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा निधी (सीएसआर), जोडीदारांसाठी उभा करा. त्यासाठी त्या संस्थेची सीएसआर-१ नोंदणी लागते, ती करून घ्यायला मदत करा. ‘सल्लागार शुल्क’ म्हणून मागच्या दारानं अनुदान देण्याची कल्पना कोणी ना कोणी मांडेलच. ऐकू नका. खरी सेवा विकत घेणं वेगळं आणि अनुदानाला बिलाचा सदरा घालणं वेगळं, हे तपासणी अधिकाऱ्यालाही कळतं.

तिसरी गोष्ट २० टक्क्यांची. वर्षभरात मिळालेल्या परदेशी निधीच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त प्रशासकीय खर्च केंद्र सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय करता येत नाही. आधी ही मर्यादा ५० टक्के होती. इथली मेख ‘मिळालेल्या’ या शब्दात आहे. समजा वर्षात ४ कोटी येणार आहेत. मर्यादा ८० लाख, आणि तुमच्या ऑफिसचा खर्च ६० लाख. निर्धास्त आहात. पण १ कोटी ६० लाखांचा शेवटचा हप्ता ३१ मार्चच्या आत न येता एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आला. आता वर्षाची जमा २ कोटी ४० लाख, मर्यादा ४८ लाख, आणि तुम्ही १२ लाखांनी बाहेर. आमच्यावर एकदा ही वेळ अगदी काठावर येऊन टळली. परदेशातल्या सहकाऱ्याला हप्ता आठवडाभर पुढं गेला यात काही वावगं वाटत नाही, कारण त्याच्याकडे मार्च हा साधा महिना आहे. त्यामुळे करारातच लिहून घ्या की शेवटचा हप्ता फेब्रुवारीअखेर खात्यात जमा व्हायला हवा.

प्रशासकीय खर्च कशाला म्हणायचं हे नियम ५ मध्ये आहे. व्यवस्थापनाचे पगार, भाडं, वीज, फोन, हिशेब, ऑडिट आणि अहवाल लिहिण्याचा खर्चसुद्धा त्यात धरला जातो. प्रशिक्षण देणाऱ्यांचे आणि गावात फिरून माहिती गोळा करणाऱ्यांचे पगार त्यात येत नाहीत. म्हणजे जो माणूस महिन्यातले बारा दिवस गावात प्रशिक्षण देतो आणि दहा दिवस पुण्यात अहवाल लिहितो, त्याचा पगार विभागायला टाइमशीट हवीच. ती महिन्याच्या महिन्याला भरा. वर्षअखेरीस आठवून भरलेली टाइमशीट लगेच ओळखू येते, बाराही महिने एकाच पेनाची शाई असते.

चौथी, तारखा. एफसी-४ हे वार्षिक विवरण ३१ डिसेंबरपर्यंत जायला हवं, वर्षभरात पैसा आला नसला तरीही. नोंदणी पाच वर्षांची असते. नूतनीकरणाचा अर्ज मुदतीआधीच्या सहा महिन्यांत करायचा, आणि मुदतीच्या किमान ४ महिने आधी करा असं गृह मंत्रालयानं एप्रिल २०२५ मध्ये कळवलंय. म्हणजे खिडकी दोन महिन्यांचीच. मी त्याच्याही आधी वर्षभर फाइल जुळवायला घेत असे. पदाधिकारी बदलले तर ४५ दिवसांत पोर्टलवर कळवायचं.

नोंदणी गेली तर गावातलं काम त्याच दिवशी थांबतं, मजुरांचे पैसे अडकतात. म्हणून हा विषय हिशेबनिसावर सोडून देऊ नका.

वर्षाची आखणी पावसापासून मागं

आखणी करताना कागदाच्या मधोमध ७ जून लिहा आणि तिथून मागं मोजत जा. डोंगरमाथ्यापासून पायथ्यापर्यंतची मातीची आणि दगडाची कामं मेअखेर संपायला हवीत. त्यासाठी मजूर जानेवारीपासून हवेत. त्यासाठी आराखडा नोव्हेंबरात पक्का. त्यासाठी शेतनिहाय पाहणी दसऱ्याच्या आसपास, जमीन वाफसली की. त्यासाठी ग्रामसभेचा ठराव १५ ऑगस्टला. आणि त्यासाठी डोनरची मंजुरी जुलैत. म्हणजे या उन्हाळ्यातल्या चरांचं प्रपोजल मागच्या वसंतात लिहायला घ्यायचं. हा कागद मी मुख्यालयातल्या प्रत्येक नव्या सहकाऱ्याला पाठवत असे. कुठल्याही सादरीकरणापेक्षा त्यानं जास्त काम केलं.

त्या कागदावर गावाच्या स्थलांतराच्या तारखाही घाला. आष्टी-पाटोद्यातली जोडपी दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. सातपुड्यातून दिवाळीनंतर लोक गुजरातेत मजुरीला उतरतात आणि होळीला घरी येतात, कारण तिथं होळी चुकवत नाहीत. एकदा अक्राणीतल्या एका पाड्यावर आम्ही जानेवारीत ‘लोकसहभागाची बैठक’ लावली. आले अकरा म्हातारे, काही लहान मुलं आणि एक आजारी बाई. फोटो मात्र काढला गेला आणि अहवालात लागला. तो फोटो मी काढून टाकायला लावला आणि पुढच्या वर्षीपासून निर्णयाच्या बैठका होळीनंतरच्या आठवड्यात ठेवल्या. हजेरी किती वाढली यापेक्षा बोलणारी तोंडं बदलली हे महत्त्वाचं.

शेतनिहाय पाहणीला, ज्याला फिल्डवर सगळे नेट प्लॅनिंग म्हणतात, नवरा-बायको दोघं हजर असल्याशिवाय गट नंबरासमोर सही घ्यायची नाही. आष्टीतल्या एका शेतावर नवऱ्यानं बांधाची जागा दाखवली, इंजिनिअरनं नकाशावर रेघ मारली. बाई काही बोलल्या नाहीत. चालत खालच्या कोपऱ्यात गेल्या आणि टाचेनं माती उकरली. खाली वाळूचा थर होता. ‘‘पाणी इथनं शिरतंय ताई, दरसाली मीच दगडं लावते हितं.’’ रेघ बदलली. इंजिनिअरच्या नकाशात तो कोपरा सपाट होता.

चलनाचा हिशेबही आखणीतच करा. २ लाख युरोचं बजेट ९० च्या दरानं १ कोटी ८० लाख होतं, ८६ च्या दरानं १ कोटी ७२ लाख. हे ८ लाख कुठून कापायचे हे आयत्या वेळी ठरवलं तर नेहमी गावातल्या कामातून कापले जातात, कारण पगार आणि भाडं ठरलेलं असतं. म्हणून बजेट मुद्दाम कमी दरानं बांधा आणि दर चांगला मिळाला तर जास्तीचा पैसा कुठल्या कामाला जाईल ते आधीच लिहून ठेवा.

माणसं

पुण्यातल्या ‘कम्युनिकेशन’वाल्याला अक्राणीतल्या धडगावच्या कार्यकर्त्याच्या तिप्पट पगार असेल तर संस्था काय महत्त्वाचं मानते ते सगळ्यांना दिसतं. मी पहिल्याच वर्षी पगाराची श्रेणी उघड केली आणि दुर्गम भत्ता सुरू केला. बढतीसाठी इंग्रजीची अट काढली. ज्याला सातपुड्यातली पावरी बोली बोलता येते, ज्याच्यासमोर बायका मोकळेपणानं बोलतात, तो तालुका समन्वयक होऊ शकतो. अहवालाचं इंग्रजी दुसरं कोणी करेल.

ग्रॅच्युइटीसाठी दर महिन्याला मूळ पगाराच्या ४.८१ टक्के रक्कम बाजूला काढा. प्रकल्प संपल्यावर कुठलाही डोनर ती देत नाही, आणि आठ वर्षं काम केलेल्या माणसाला ‘निधी संपला’ असं सांगायची वेळ कोणावर येऊ नये. लैंगिक छळविरोधी २०१३ च्या कायद्याखालची अंतर्गत समिती प्रत्येक कार्यालयात हवी, अध्यक्ष महिला, निम्म्या तरी महिला सदस्य आणि एक बाहेरची जाणकार सदस्य. पण समिती कागदावर असून भागत नाही. रात्रीच्या बैठकीनंतर मुलगी घरी कशी परतते, तालुक्याच्या ऑफिसात संडासाला कडी आहे का, दुचाकीचा विमा कोणाच्या नावावर आहे, हे तुम्ही स्वतः बघा. दोन ठिकाणी कडी मी उभी राहून बसवून घेतली आहे.

शासन आणि ग्रामसभा

गटविकास अधिकारी, तालुका कृषी अधिकारी, वनपाल, तलाठी: रुजू झाल्यावर यांना भेटा ते काही मागायला नव्हे, तर तुमचा आराखडा द्यायला. त्यांच्या आराखड्यातलं काम तुमच्याही यादीत असेल तर एकाच बांधावर दोन बिलं निघण्याचा धोका असतो. ही सरमिसळ आधीच मोडायची. कुठलं काम रोहयोतून, कुठलं तुमच्या निधीतून, हे गट नंबरनिहाय लिहून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या.

ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची हे आपल्या राज्यातल्या कायद्यातच आहे. ती खरी भरवा. पेसा कायद्याखालच्या आदिवासी क्षेत्रात आणि सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावात तर ग्रामसभेच्या परवानगीशिवाय एक खड्डाही खणू नका. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाची घोषणा आहे, आणि तुमचा निधी कुठून येतो यानं तिच्यात काही फरक पडत नाही.

परदेशातला पैसा गावाच्या अटींवर येऊ शकतो याचा दाखला आपल्याकडे आहेच. १९९० च्या दशकात इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात जर्मन सरकारचा निधी नाबार्डमार्फत महाराष्ट्रातल्या गावांत आला. फादर हर्मन बाखर यांच्या प्रेरणेतून उभा राहिलेला हा कार्यक्रम. गावानं आधी श्रमदान करायचं, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी स्वतः ठरवायची, छोट्या क्षेत्रावर करून दाखवायचं आणि मगच मोठा निधी, अशी त्याची रीत होती. गाव तयार व्हायला वेळ लागतो हे तिथं निधीच्या रचनेतच धरलेलं होतं. डोनरनं ‘पहिल्याच वर्षी ६० टक्के खर्च दाखवा’ म्हटलं की मी हाच दाखला देत असे.

मुख्यालयाशी बोलताना

वाईट बातमी ४८ तासांत, फोनवर, आणि लगेच पाठोपाठ लेखी. अपघात, अफरातफर, गावात तंटा, काहीही. माझ्या काळात एका तालुका कार्यालयाची डिझेलची बिलं अशा आठवड्यातली निघाली ज्यात गाडी गॅरेजमध्ये होती. लॉगबुक आणि व्हाउचर शेजारी ठेवल्यावर पाच मिनिटांत दिसलं. त्याच संध्याकाळी मी कळवलं, रक्कम आमच्या राखीव निधीतून डोनरच्या खात्यात भरली, चौकशी नेमली. रक्कम छोटी होती. पण पुढच्या वर्षी आम्ही प्रकल्पाचा कालावधी वाढवून मागितला तेव्हा आमच्या शब्दावर विश्वास ठेवला गेला.

आणि नाही म्हणायला शिका. पाच वर्षांच्या पाणलोटाचं काम तीन वर्षांत करा असा आग्रह धरणारा निधी मी दोनदा परत केला. दोन्ही वेळा मंडळाला आकडे देऊन पटवावं लागलं, आणि एकदा त्यापायी दोन पदं कमी करावी लागली. ते सोपं नव्हतं.

निघताना

प्रकल्प संपण्याची तारीख गावाला पहिल्या बैठकीतच सांगा. देखभाल निधीचं खातं दुसऱ्याच वर्षी समितीच्या नावानं उघडा, सह्या गावातल्यांच्या, त्यात एक तरी महिलेची. मोजमाप पुस्तिका, नकाशे आणि कामांची गट नंबरनिहाय यादी मराठीत ग्रामपंचायतीत ठेवा आणि एक प्रत समितीकडे. तुमच्या सर्व्हरवरच्या इंग्रजी फाइलचा गावाला उपयोग नाही.

तुमच्या जागी येणाऱ्यासाठी पंधरा पानांची वही लिहा. कुठल्या गावाला दिलेला कुठला शब्द अजून पाळायचा राहिलाय, एवढंच त्यात असावं.

मग दोन पावसाळे जाऊ द्या आणि खासगी म्हणून परत जा. मी आष्टीतल्या त्या गावी गेले तेव्हा समितीच्या अध्यक्षबाईंनी पासबुक आणलं. त्या वर्षी देखभाल निधीतून चार हजार निघाले होते. कशाला, म्हणून विचारलं तर त्या मला शेताच्या खालच्या कोपऱ्यात घेऊन गेल्या. बांधाच्या सांडव्याचे दगड नव्यानं रचलेले होते.